वाकड्या नानकटाया

पत्राचा सारांश : नाशिकच्या एका नोकरदार आईचं हे पत्र आहे. घरात नवरा-बायको, सासूबाई, ९ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं सारखी मोबाइल घेऊन बसतात, म्हणून दर रविवारी त्यांना सोबत घेऊन काहीतरी बेक करायचं असं आईने ठरवलं. पहिल्या रविवारी कुकरमधला केक मधोमध बसला. दुसऱ्या रविवारी मुलाच्या हातून मैद्याचा डबा सांडला आणि आईचा आवाज चढला. तिसऱ्या रविवारी नानकटाई केली. मुलीने वळलेले गोळे लहान-मोठे आणि कडेने चिरलेले होते. ती हात धुवायला गेली तेवढ्यात आईने ते पुन्हा नीट वळून ठेवले. नानकटाई छान झाली, सगळ्यांनी कौतुक केलं, पण मुलीने एकही खाल्ली नाही. चौथ्या रविवारी हाक मारली तेव्हा ती म्हणाली, ‘तूच कर ना, तुला चांगलं येतं.’ सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा पोराला ओट्याशी कशाला उभं करायचं, आणि तेही मुलाला. यजमान म्हणतात, बेकरी कोपऱ्यावर आहे, घरात मायक्रोवेव्ह आहे, आणखी पसारा कशाला? आईचे प्रश्न असे : ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घ्यावा का? मुलीला बेकिंगचा क्लास लावावा का? की हा नाद सोडून द्यावा?

प्रिय ताई,

तुमचे तिन्ही प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत. मी मात्र तिसऱ्या रविवारपाशीच थांबले. तो परिच्छेद दोनदा वाचला. त्यात तुम्ही कंसात एक वाक्य लिहिलं आहे : ‘तिच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.’

लक्षात आलं आहे, ताई. ९ वर्षांच्या मुलीला आपण वळलेला गोळा ओळखू येतो. कुठला मोठा झाला होता, कुठल्यावर अंगठा जास्त दाबला गेला होता, कुठल्यावर बदामाचा काप तिरका बसला होता, हे तिला पाठ असतं. ती हात धुऊन आली आणि ताटात सगळे एकसारखे गुळगुळीत गोळे बसलेले पाहिले. ती काही बोलली नाही. नंतर घरभर वाहवा झाली, आणि ती वाहवा आपल्या गोळ्यांची नाही हे तिला एकटीला (आणि तुम्हाला) माहीत होतं. म्हणून तिने खाल्ली नाही. ‘तुला चांगलं येतं’ हे आठवड्याने आलेलं वाक्य त्याच दिवसाचं आहे.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी थापलेलं थालीपीठ मी तव्यावर टाकता टाकता कडेने सारखं केलं होतं. त्याने तेवढंच विचारलं, ‘माझं कुठलं?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आपले हात आपोआप तिकडे जातात. वर्षानुवर्षं घाईत स्वयंपाक केला की हाताला सवयच लागते, वाकडं दिसलं की सरळ करायचं. पण तुम्हाला आलेली अडचण ओव्हन नसल्याची आहे असं तुम्ही धरून चालला आहात, आणि मला ती तशी वाटत नाही. ती या हाताच्या सवयीची आहे.

आता त्या गोळ्यांकडेच जरा जवळून पाहू. गोळ्याला कडेने चीर पडते ती मुलीच्या हातामुळे नाही. पीठ कोरडं असलं, तूप थोडं कमी पडलं किंवा तूप-साखर पुरेशी फेसली गेली नाही की कुणीही वळला तरी गोळा चिरतो. अशा वेळी चमचाभर तूप घालून पीठ पुन्हा हलक्या हाताने एकत्र करायचं. ते काम तिलाच सांगता आलं असतं. दुसरं म्हणजे नानकटाईला वरून चिरा पडणं हीच तिची खूण आहे. भाजताना ती पसरते आणि उलते. बेकरीत आपण चिरलेली नानकटाईच उचलून घेतो. राहता राहिला लहान-मोठेपणा, आणि तेवढी एक अडचण खरी आहे, कारण लहान गोळे आधी करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. पण त्यावर उपाय आधी करायचा असतो. तिच्या हातात पोह्याचा एक चमचा द्यायचा, ‘प्रत्येक गोळ्याला एक सपाट चमचा पीठ’ म्हणायचं, आणि मग बाजूला व्हायचं. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर आणखी उत्तम. २० ग्रॅमचा गोळा तोलताना ९ वर्षांची मुलं इतकी रमतात की हाक मारली तरी ऐकू येत नाही. एवढं करूनही गोळे लहान-मोठे झालेच, तर लहान एका ताटात आणि मोठे दुसऱ्या ताटात भाजा.

म्हणजे मुलांना काम द्यायच्या आधी माप, भांडं, रीत सगळं नीट द्यायचं. मग त्यांनी केलेल्या कामाला हात लावायचा नाही. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. खालचं बाकी तपशील समजा.

झालं ते सावरायचं कसं? तिला सांगून टाका. झोपायच्या आधी, दिवा मालवल्यावर, साध्या शब्दांत : ‘त्या दिवशी तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी तुझे गोळे परत वळले. मी तसं करायला नको होतं.’ यापुढे ‘पण’ लावू नका. पाहुणे येणार होते, करपले असते, हे काही नको. ती कदाचित ‘हं’ म्हणून कूस बदलेल. बदलू द्या. दुसऱ्या दिवशी लगेच ‘चल, आता करूया’ असंही नको. आठवडाभर थांबा.

आता रविवारच्या बेकिंगबद्दल. मोबाइल सुटावा म्हणून बेकिंग सुरू केलं, असं तुम्ही लिहिता. हेतू चांगला आहे. पण मुलांसोबतच्या स्वयंपाकाची सुरुवात करायला केक ही सगळ्यात अवघड जागा आहे, आणि इंटरनेटवरच्या चित्रांमुळे ते आपल्या ध्यानात येत नाही. आमटी अळणी झाली तर मीठ घालता येतं, भाजीला पाणी जास्त झालं तर आटवता येतं. केकचं पातेलं एकदा आत गेलं की दुरुस्तीचा रस्ता बंद. मधे चव बघता येत नाही. मग ४० मिनिटं काही करायचं नाही, झाकण उघडायचं नाही, नुसतं बसायचं. ५ वर्षांच्या मुलाला ४० मिनिटं म्हणजे जवळजवळ अख्खी दुपार. तो डब्याकडे वळणार, डबा सांडणार, तुमचा आवाज चढणार.

मुलांना भातुकली का आवडते ते आठवून पाहा. इवल्याशा चुलीवर चुरमुरे-शेंगदाणे-गूळ एकत्र केले की पाच मिनिटांत जेवण तयार, वाढायलाही आपणच. तिथे मूल मालक असतं. आपण त्याला ओट्याशी आणतो आणि ‘मदतनीस’ करतो : ‘एवढं धर, तेवढं ओत, आता सरक.’ तुमच्या मुलीला सरकून सरकून कंटाळा आला आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावी मे महिन्यात नानकटाई घरी भाजतच नसत. घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीत जायचं; बेकरीवाला मळून, पत्र्यांवर लावून भट्टीत ढकलायचा. आम्हा चुलत भावंडांची वाटणी ठरलेली असायची. थोरल्याने तूप सांभाळायचं, मधल्यांनी पत्र्याचा मोठा डबा दोन कड्यांनी धरून न्यायचा, सगळ्यात धाकटीने, म्हणजे मी, मोजायचं. भट्टीच्या तोंडातून लांब दांड्याच्या फळीवर पत्रे बाहेर यायचे, आणि मी एकेक नानकटाई मोजत डब्यात ठेवायची. मधे कुणी बोललं की चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून. घरी आल्यावर आजी विचारायची, ‘किती आल्या?’ आणि मी सांगितलेला आकडा ती धरून चालायची. तिने डबा उघडून पुन्हा मोजला नाही. मला आज त्या नानकटाईची चव नीट आठवत नाही. आकडा विचारणारी आजी आठवते.

तुमच्या नाशिककडे तर हा महिना वाळवणाचा. सासूबाईंना एकदा विचारा, तुमचे यजमान लहान असताना गच्चीवरच्या कुरडया कोण राखायचं? काठी घेऊन कावळे कोण हाकलायचं, पापडाच्या लाट्या पळवायला कोण टपलेलं असायचं, गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन कोण बसायचं? मुलगे आणि मुली दोघंही असत, हे त्याच सांगतील. ‘पोराला कशाला’ हा त्यांचा विरोध मला तत्त्वाचा वाटत नाही. त्यात गॅस आणि चटका यांची भीती अधिक आहे, आणि ती भीती रास्त आहे. तेवढी भीती मान्य केलीत तर बाकीच्या बोलण्याची धार आपोआप कमी होईल. त्यांना सांगा, ‘आई, गॅसपाशी तो येणारच नाही, त्याचं काम खाली, पाटावर. आणि तिथे तुम्ही बसायचं.’ बाहेरून बघणाऱ्या माणसाला पसारा दिसतो, आत बसलेल्या माणसाला काम दिसतं.

वाद घालण्यापेक्षा हे उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे. तरीही त्या पुन्हा म्हणाल्याच ‘मुलाला कशाला’, तर तेव्हा मात्र गप्प बसू नका. मुलीच्या देखत एवढंच म्हणा की या घरात जेवतात ते सगळे करायला शिकणार. तुमची मुलगी ते ऐकत असेल.

सुरुवात कशापासून करायची? तुमच्या भागातल्याच पदार्थापासून, वरण-बट्टीपासून. बट्टी म्हणजे बेकिंगच आहे. शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बट्टी तुमच्या सासूबाईंनी नक्की खाल्ली असेल. भाजण्याची ही कला परक्या घरून आलेली नाही. कोकणात काकडीचं धोंडस, म्हणजे काकडीचा केकच, पातेल्यात शिजवताना झाकणावर निखारे ठेवत, भानोळ्यांना (हा तिखट केकसारखा पदार्थ) वरखाली आच देत. गोव्यात बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाचा एकेक थर वर ठेवलेल्या निखाऱ्यांच्या आचेने भाजत. यातल्या कुणापाशी ओटीजी नव्हता.

बट्टी मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. तिचा आकार कसाही असला तरी पानात ती कुस्करायचीच असते. एकसारखेपणाला तिथे काही किंमत नाही, आणि तुमच्या हातालाही तेवढाच आराम.

२ वाट्या जाडसर दळलेली कणीक घ्या. कणीक बारीक असेल तर त्यातली अर्धी वाटी काढून तेवढा रवा घाला. ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि पाव वाटी गरम तुपाचं मोहन. मोहन तुम्ही घाला, ते गार झाल्यावर पिठाला चोळायचं काम मुलाकडे. मुठीत दाबलेलं पीठ मुटक्यासारखं टिकलं पाहिजे. ते टिकलं की फुटलं हे सांगायचा अधिकार त्याचा. ‘टिकलं का रे?’ असं विचारा आणि तो ‘नाही’ म्हणाला तर खरंच आणखी चमचाभर तूप घाला. मग कोमट पाणी लागेल तसं घेऊन घट्ट मळायचं. हे मुलीने करावं. ९ वर्षांच्या हातात मळायची ताकद असते, फक्त ओटा उंच पडतो. तेव्हा परात खाली ठेवा. २० मिनिटं झाकून ठेवा, तोवर डाळ शिजेल. मग दोघांनी लिंबाएवढे गोळे वळायचे. अप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात थोडं तूप, त्यात गोळा, वर झाकण, आणि अगदी मंद आच. दर चार-पाच मिनिटांनी उलटायचे. साधारण २० मिनिटांत सगळ्या बाजूंनी खरपूस होतात. उलटायचं काम तुमचं किंवा यजमानांचं. एक फोडून बघा, आत ओलसर पीठ दिसलं तर आणखी पाच मिनिटं. पानात बट्टी कुस्करायची, वर हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं पातळ वरण, वर तूप. सोबत वांग्याची भाजी असली तर मोठ्यांचंही जेवण झालं, मुलांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

हे रविवारी करू नका. रविवारच्या जेवणाकडून सगळ्यांच्या फार अपेक्षा असतात. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी करा, जेव्हा तसंही जेवण करायचंच असतं. मुलांच्या हातचं त्या रात्रीचं जेवण हेच घराचं जेवण असलं की त्यांना कळतं, आपलं काम लुटुपुटीचं नाही.

बट्टी जमली की पुढे वरणफळं आहेत. काही घरी त्यांना चकोल्या म्हणतात. लाटलेली पोळी शंकरपाळ्याच्या कातण्याने कापायची, चांदण्या करायच्या, वाटीने गोल पाडायचे. उकळत्या वरणात सोडायचं काम मोठ्यांनी, एकेक करून, नाहीतर सगळी एकमेकांना चिकटून बसतात. भाजणीचं थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून बोटाने भोकं पाडणं हे ५ वर्षांच्या मुलाचं काम आहे, आणि तो ते तुमच्यापेक्षा मन लावून करेल. मटार सोलणं, कोथिंबीर खुडणं, उकडलेले बटाटे कुस्करणं, तांदूळ धुणं हे सगळं त्याच्या वयाचं. केळं, काकडी, पनीर बिनधारेच्या सुरीने मुलगी कापू शकते. गॅस पेटवणं, कुकर उघडणं, तळण हे अजून काही वर्षं मोठ्यांच्या हातातच. ओट्याशी असताना मुलीची ओढणी नको, केस बांधलेले हवेत, तव्याचा दांडा आतल्या बाजूला वळवलेला हवा. कच्चं पीठ चाटायची सवय लावू नका; अंडं घातलेलं असो वा नसो, कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

हे सगळं वाचून मुलं म्हणतीलच, केक कधी? केक करा ना. फक्त पहिल्या केकचं काय चुकलं ते आधी बघू.

मधोमध बसलेला केक बहुतेक वेळा तीन कारणांनी बसतो : सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली, आत कच्चा असताना बाहेर काढला, किंवा अर्ध्यात झाकण उघडलं. तुम्ही लिहिलंय की ‘मुलं सारखी बघायचं म्हणत होती.’ मला वाटतं उत्तर तिथेच आहे. अर्धवट फुललेल्या केकला गार हवा लागली की तो बसतो. काचेचं झाकण वापरा, म्हणजे न उघडता बघता येतं, आणि बघत बसणं हेच मुलाचं काम होतं.

मैद्याऐवजी रव्याचा केक घ्या. मैदा जास्त फेटला की चिवट होतो आणि मुलं फेटायचं थांबवत नाहीत. रवा त्या मानाने सोशीक. १ वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी ताजं दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी पातळ तूप किंवा वास नसलेलं तेल, वेलदोड्याची पूड. सगळं कालवून २० मिनिटं झाकून ठेवा, रवा फुगतो. फार घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध. सगळ्यात शेवटी पाऊण चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा. सोड्याचा दह्याशी संबंध आला की बुडबुडे यायला लगेच सुरुवात होते, म्हणून त्यानंतर गप्पा नकोत, मिश्रण लगेच भांड्यात. ते फसफसणं मुलांना दाखवा, त्यासाठी दोघांची डोकी परातीवर आली तरी चालतील. टुटीफ्रुटी मैद्यात घोळवून घातली तर तळाशी बसत नाही.

भाजण्यासाठी चांगला कुकर कोरडा तापवू नका, खराब होतो. जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्या, तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर जाळी किंवा छोटी वाटी उपडी, घट्ट झाकण. जुना कुकरच वापरणार असाल तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढून. १० मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग केकचं भांडं ठेवून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. पहिली ३० मिनिटं झाकणाला हात नाही. सुरी खुपसून कोरडी आली की झाला. कढईत गार होऊ देऊ नका, खालून करपतो.

आता ओटीजी. मी म्हणेन, तीन महिने थांबा. कढईवर सहा-सात वेळा केक केलात, मुलं स्वतःहून ‘आज करूया का’ म्हणायला लागली, तर जरूर घ्या. आज घेतलात तर त्या खर्चाचंही ओझं त्या रविवारवर पडेल. एवढा आणलाय तर वापरायला हवा, आणि चांगलंच व्हायला हवं. घ्याल तेव्हा २० ते ३० लिटरच्या मधला चार-पाच माणसांच्या घराला पुरतो. खालचा-वरचा दोन्ही रॉड वेगवेगळे चालू करता येतात ना ते बघा, आणि मोठ्याला जाड पिनेचं सॉकेट लागतं, ते तुमच्या ओट्याजवळ आहे का ते आधी पाहा. काच आणि बाहेरचा पत्रा दोन्ही भयंकर तापतात, तेव्हा पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचणार नाही अशी जागा हवी.

यजमान म्हणतात तो मायक्रोवेव्ह नुसता अन्न गरम करायचा असेल, म्हणजे ‘सोलो’, तर त्यात नानकटाई होत नाही. तो अन्नातल्या पाण्याला तापवतो. कोरडी गरम हवा नसते, त्यामुळे खुसखुशीतपणा आणि बदामी रंग दोन्ही येत नाहीत. त्यावर ‘कन्व्हेक्शन’ असं लिहिलेलं असेल तर मात्र तुमच्याकडे ओव्हन आधीपासूनच आहे. पुस्तिका काढून बघायला त्यांनाच सांगा. तुमच्या पत्रात ते फक्त त्या एका वाक्यापुरते येतात. बट्टी उलटायला त्यांना उभं करा. सासूबाईंचा ‘मुलाला कशाला’ हा प्रश्न त्यांचा मुलगा चिमटा घेऊन उभा असताना जरा अवघड होईल.

क्लास सध्या नको. क्लास वाईट असतात म्हणून नव्हे. वरच्या वयात, मुलीने स्वतः मागितला तर लावा. आत्ता तिला ‘तुला येत नाही म्हणून शिकायला पाठवतोय’ असंच ऐकू येईल, तेही त्या नानकटाईनंतर.

सांडण्याबद्दल थोडं. सांडणार. जमिनीवर जुनी चादर अंथरा, डबा मुलाच्या हाती न देता लागेल तेवढंच पीठ वाडग्यात काढून द्या, आणि आवरणं हा त्याच कामाचा भाग आहे हे पहिल्या दिवसापासून ठरवा. ओलं फडकं त्याच्याही हातात. तो पुसेल तेव्हा पीठ आणखी पसरेल. तो झोपल्यावर पुन्हा पुसलंत तर हरकत नाही, तो अपवाद मी मान्य करते. एक मात्र पाहा : ज्या दिवशी तुम्ही ऑफिसातून थकून आला आहात त्या दिवशी हे करू नका. मुलांना ‘आज नको’ ऐकणं चालतं. हो म्हणून केलेली चिडचिड त्यांना जास्त लागते.

आणि नानकटाई? ती तिने मागितल्याशिवाय पुन्हा काढू नका. मागेल, मला तरी तसं वाटतं. कदाचित पावसाळ्यात, कदाचित दिवाळीला. त्या दिवशीसाठी माप लिहून ठेवा, तिच्याच अक्षरात लिहायला सांगितलंत तर बरं : १ वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, २ चमचे रवा, अर्धी वाटी रवाळ घट्ट तूप, अर्धी वाटीहून थोडी जास्त पिठीसाखर, वेलदोडा, चिमूटभर सोडा. आधी तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत, मग बाकीचं. मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच लागते आणि कच्ची राहिली असं वाटतं. तशीच ताटात ठेवून गार करायची, अर्ध्या तासाने खुसखुशीत होते. कडक होईपर्यंत आत ठेवली तर खालून करपते. तूप उन्हाळ्याने पातळ झालं असेल तर फेसण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करून घ्या. आणि गोळे वळून झाले की हात धुवायला तुम्ही जा. तिला ताटापाशी राहू द्या.